शालनची हिरवी चिठ्ठी

“बसवा हिला एकदाचं मशीनवर, वन्सं. म्हणजे घरातलं नाटक तरी संपेल,” वहिनी म्हणाली आणि शालनताईंना खांद्याला धरून तिनं माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवलं.

‘वन्सं’ म्हणजे मी. वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. पुण्यात इतकी वर्षं काढली तरी नणंदेला वन्सं म्हणायची माहेरची सवय तिनं सोडली नाही. त्या दिवशी आम्ही होतो ते तिचं माहेरच, सांगली जिल्ह्यातलं हिंगणवाडी. शालनताई तिच्या थोरल्या भावाची, दिनकरदादांची बायको. म्हणजे ज्या नात्यानं मी वहिनीची वन्सं, त्याच नात्यानं वहिनी शालनताईंची. आपल्याकडे प्रत्येक बाईच्या डोक्यावर एक नणंद असते, आणि प्रत्येक बाई कुणाच्या तरी डोक्यावर बसलेली असते.

गावच्या प्राथमिक शाळेत आमचं शिबिर होतं. चौथीच्या वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या बांधून मी अंधार केला होता, कारण बाहेरचा उजेड आला की माझं यंत्र बावचळायचं. आत घोंगड्यांच्या लोकरीचा वास आणि उकाडा. बाहेर व्हरांड्यात बायकांची रांग.

“काय होतंय?” मी शालनताईंना विचारलं.

“तिखट लागतंय,” त्या म्हणाल्या.

“अगं, तिखट तिखटच लागणार!” वहिनी हसली. “सहा महिने हेच चाललंय. कालवण पाण्यात धुऊन खाते. आईच्या वेळेपासून आमच्या घरात ठेच्याशिवाय ताट होत नाही, आणि ही बाई दहीभात कालवून कोपऱ्यात बसते. दादा म्हणतो, वेगळी चूल मांडायचा बेत दिसतोय.”

“वन्सं, मी चुलीचं कधी बोलले का?” शालनताई वहिनीला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “ह्या गालात आग हुतीया, बाई. घास फिरवला की जीव जातो.”

मी बॅटरी लावून पाहिलं. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला किंचित लाली होती. गाठ नाही, चट्टा नाही, जखम नाही. दाताच्या डॉक्टरला दाखवलं असतं तर त्यानं मलम देऊन घरी पाठवलं असतं. तालुक्याच्या डॉक्टरनं तसं पाठवलंही होतं.

पण माझं यंत्र तेवढ्यासाठीच होतं. पेन्सिलीएवढी नळी, तिच्यात केसासारखे काचेचे तंतू. टोक गालाला टेकवायचं, एक पांढरा लखलखाट, झालं. पेशी बिघडू लागली की तिचं केंद्रक फुगतं, बारीक रव्यात साबुदाणा मिसळावा तसं. वरून गाल सारखाच दिसतो. पण आत गेलेला प्रकाश त्या फुगलेल्या दाण्यांवर आपटून परत येतो, तेव्हा त्याची पांगण्याची तऱ्हा बदललेली असते. कॅन्सर डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी ती बदलते. ते यंत्र मी पाच वर्षं खपून जुळवलं होतं. माझं लग्न त्याच्यापायी राहिलं असं आई म्हणायची. ते काही खरं नव्हतं. माझं लग्न माझ्या रागापायी राहिलं.

“आ करा.”

शालनताईंनी डोळे मिटून तोंड उघडलं. नळी टेकताच त्यांचा हात स्टुलाच्या कडेवर आवळला गेला. लखलखाट झाला आणि पडद्यावर ठिपका उमटला.

पडद्यावर एक हिरवा पट्टा होता. निरोगी बायकांचे ठिपके जिथंजिथं पडले होते, तेवढी जागा. नवा ठिपका पट्ट्यात पडला तर हिरवी चिठ्ठी, बाहेर पडला तर लाल चिठ्ठी आणि मिरजेच्या दवाखान्यात रवानगी. शालनताईंचा ठिपका पट्ट्यात होता. अगदी वरच्या काठाला, पण आत.

“पुन्हा एकदा घेते,” मी म्हणाले.

“रेवती, आत आहे ना?” मागून मिराशी सर म्हणाले. हे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, तरी टाय सोडला नव्हता. “आत म्हणजे आत. काठावर पास झालेल्याला आपण नापास करतो का? चला, पुढची.”

त्यांनी स्वतःच्या हातानं हिरवी चिठ्ठी फाडली. वर मोठ्या अक्षरात ‘ठीक’, खाली मुंग्यांसारख्या बारीक अक्षरांच्या दोन ओळी.

शालनताईंनी चिठ्ठी घेतली नाही. त्यांनी मला विचारलं, “मग दुखतंय कशानं?”

सर पुढचं नाव पुकारत होते. वहिनी पदरानं वारा घेत होती. मी नळीचं टोक पुसायला घेतलं.

चिठ्ठी घेतली ती दारात उभ्या असलेल्या दिनकरदादांनी. उंच, पांढरी मिशी, गळ्यात टॉवेल. व्हरांड्यात जाऊन त्यांनी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली, “ठीक! ऐकलंसा का? पुण्याचं मशीन बोललं. हिला काय बी झाल्यालं न्हाई!” रांगेतल्या चारदोन बायका हसल्या. शालनताई पदर डोक्यावर ओढून त्यांच्यामागून निघून गेल्या. जाताना त्यांनी एकदा वळून पाहिलं, ते दिनकरदादांकडे नाही, माझ्याकडे.

मला तेव्हापासूनच काहीतरी खटकत होतं. पण रांग मोठी होती. तोंडामागून तोंड बघत गेले. बहुतेक सगळ्या बायका मिश्री लावणाऱ्या, आणि बहुतेक सगळ्यांना हिरवी चिठ्ठी. सर खूश. “बघा, गाव किती निरोगी आहे,” म्हणाले. संध्याकाळी साखर कारखान्याचे चेअरमन यायचे होते. शाळेच्या पटांगणात मांडव पडला होता, स्पीकर लागले होते, आणि आमचं यंत्र साऱ्या तालुक्यात फिरवायची घोषणा तिथून व्हायची होती.

दुपारी जेवायची सुट्टी झाली. पिठलं-भाकरीची ताटली घेऊन मी शाळेमागच्या कडुलिंबाखाली गेले. तिथं वहिनीचा दरबार भरला होता. माहेरच्या बायकांत बसली की वहिनी दहा वर्षांनी लहान होते. ती कुणाच्या तरी सुनेची नक्कल करत होती, बायका पोट धरून हसत होत्या. एका म्हातारीनं कनवटीची पत्र्याची डबी काढली, झाकणावर टिचकी मारली, चिमूट घेतली आणि डबी पुढं सरकवली. डबी फिरत फिरत वहिनीपाशी आली. वहिनीनं नक्कल न थांबवता डाव्या तळहातावर काळी पूड घेतली, तर्जनी तिच्यात बुडवली आणि सराईतपणे हिरड्यांवरून फिरवायला लागली. वरून, खालून, मग डाव्या गालात, मग उजव्या.

मी हातातला घास ताटलीत परत ठेवला.

“वहिनी! हे काय?”

“काय?” तिनं बोट न काढताच विचारलं.

“मिश्री लावतेस तू?”

“मग? जेवल्यावर तोंड नको साफ करायला?”

“तू सांगितलंस तंबाखू नाही म्हणून! मी स्वतः विचारलं होतं तुला, प्रयोगशाळेत!”

आता वहिनी भडकली. “नाहीच मुळी! आमच्या घराण्यात बाई कधी तंबाखूला शिवली नाही. गडीमाणसं मळतात ती तंबाखू. वाटेल ते बोलू नका, वन्सं.”

बायकांनी माना हलवल्या. शिवली नव्हती, त्यांना ठाऊक होतं.

“आणि ही मिश्री कशाची करतात?” मी विचारलं.

“तंबाखूचीच की, तव्यावर काळी होईस्तवर भाजायची,” डबीवाली म्हातारी म्हणाली. असं म्हणून तिनं आणखी एक चिमूट घेतली. आपण काही वेगळं बोललो असं तिला वाटलं नाही. तिथं कुणालाच वाटलं नाही. राखुंडी, मीठ, कडुलिंबाची काडी, तशी मिश्री. सकाळी उठून दात घासणं हे काय व्यसन असतं?

मी ताटली खाली ठेवली. माझा आवाज चढला होता. “वहिनी, तू मंडळातल्या बायका आणल्या होत्यास. निरोगी म्हणून. त्या लावतात?”

तो निरोगी बायकांचा हिरवा पट्टा आला होता वहिनीच्या भजनी मंडळातून. निरोगी तोंडं मिळेनात म्हणून मी वहिनीला साकडं घातलं होतं आणि तिनं सारं मंडळ टेम्पोत घालून प्रयोगशाळेत आणलं होतं. सगळ्या धडधाकट, सगळ्या हसतमुख. तंबाखू, गुटखा, विडी? नाही, नाही, नाही.

वहिनीनं आठवायला आकाशाकडे पाहिलं. “गोखलेकाकू नाही लावत. त्यांना ठसका लागतो. बाकी सगळ्या लावतात. सातारा-सांगलीकडच्याच आहेत ना सगळ्या.”

“आणि घरी तू कुठं लावतेस? मला कधी दिसली नाही.”

“न्हाणीत. कडी लावून. सासूबाईंना वास खपत नाही.” आणि एवढं बोलून ती खुदकन हसली.

मला मात्र काही हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं तो पट्टा होता. वर्षानुवर्षं भाजलेली तंबाखू चोळलेल्या गालांवरून मी ‘निरोगी’ ठरवलं होतं. त्यांच्या पेशी आधीच चिडलेल्या, त्यांचे ठिपके आधीच वर सरकलेले. शिंप्याचा गजच वाकडा असेल तर कापड कसं सरळ मापलं जाणार? त्या वाकड्या गजानं मी सकाळपासून गावाची तोंडं मोजत होते आणि ‘ठीक, ठीक’ म्हणत होते. शालनताईंचा काठावरचा ठिपका मला आठवला. पट्टा खरा असता तर तो काठावर नसता. तो पार बाहेर असता.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ती सगळ्यात आधी सरांवर गेली, आणि ती उगाच गेली नव्हती. बायकांना विचारायच्या मूळ प्रश्नांत मी मिश्री घातली होती. कामाला मावशी होत्या आमच्याकडे, त्यांचं पाहिलं होतं म्हणून. सरांनी तो प्रश्न लाल शाईनं खोडला होता. “पुण्यातल्या चांगल्या घरच्या बायकांना तुम्ही मिश्री लावता का विचारणार? शोभतं का?” असं म्हणाले होते.

सर मुख्याध्यापकांच्या खोलीत जिलबी खात होते. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी शांतपणे बोटं चाटली.

“दार लावून घ्या आधी,” ते म्हणाले.

“दार कशाला? शिबिर थांबवा. दिलेल्या चिठ्ठ्या परत मागवा.”

“रेवती, संशोधनात अशा गोष्टी होतात. पुण्याला गेल्यावर आकडे सुधारून घेऊ. संध्याकाळी चेअरमन येतायत. आज गोंधळ केलात तर यंत्र कायमचं अडगळीत जाईल. उद्या ज्या हजारो बायका यानं वाचतील, त्यांचा विचार करा.”

“मी आजच्या बायकांचा करतेय. त्या चिठ्ठी घेऊन घरी गेल्या, सर.”

“चिठ्ठी म्हणजे निदान नव्हे. तसं खाली स्पष्ट छापलंय.”

“बारीक अक्षरात. त्यांतल्या निम्म्या जणींना मोठंही वाचता येत नाही.”

“मग तर प्रश्नच मिटला,” सर म्हणाले आणि त्यांनी दुसरी जिलबी उचलली. “झाकली मूठ सव्वा लाखाची. जा, जेवून घ्या.”

ते वाक्य त्यांनी चेष्टेनं उच्चारलं असेल. दमलेला माणूस बोलून जातो, असंही मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. पण आज अठरा वर्षांनीही ते वाक्य मी विसरलेली नाही.

मी बाहेर आले आणि सरळ मांडवात शिरले. स्पीकरवाला खुर्चीवर पाय टाकून डुलकी काढत होता. मी माईक उचलला, बटण दाबलं. एक मोठी शिट्टी वाजली आणि गावातली सगळी कुत्री भुंकायला लागली.

“ऐका,” मी म्हणाले. “मी मशीनवाली बाई बोलतेय. सकाळपासून तुम्हाला ज्या हिरव्या चिठ्ठ्या दिल्या, त्या धरू नका. आमचं मशीन चुकलंय. चुकलंय म्हणजे पार चुकलंय. ज्यांना घास गिळताना, तिखट खाताना त्रास होतो, ज्यांचं तोंड पूर्ण उघडत नाही, ज्यांच्या गालात आग होते, त्यांनी चिठ्ठी फेकून द्या आणि शाळेत या. घरच्यांनी काहीही म्हटलं तरी या. आणखी एक. मिश्री म्हणजे तंबाखूच. दात घासायची पूड नव्हे. तंबाखू.”

सर धावत आले. टाय खांद्यावर उडाला होता. त्यांनी वायर ओढून काढली, पण तोवर सांगायचं ते सांगून झालं होतं.

“उद्यापासून प्रयोगशाळेत पाय ठेवायचा नाही,” ते म्हणाले. ओठ पांढरे पडले होते त्यांचे.

“उद्याचं उद्या,” मी म्हणाले.

सरांपेक्षा वहिनीला तोंड देणं अवघड होतं. ती कडुलिंबाखालून पदर खोचून आली. एरवी मला अहो-जाहो करणारी वहिनी थेट ‘तू’वर आली.

“माझ्या माहेरात माझं नाक कापलंस! गावभर ओरडून सांगितलंस, आम्ही तंबाखू खातो म्हणून? माझ्या मंडळातल्या बायका खोटारड्या? तुझ्यासाठी उन्हातान्हात आल्या होत्या त्या!”

“खोटारड्या नाहीत. पण त्यांच्या तोंडांवरून माप घेऊन मी शालनताईंना ठीक म्हटलंय!”

“मग म्हटलंस ना? आता पुन्हा काय?”

“त्या ठीक नाहीत, वहिनी. सहा महिने बाई सांगतेय, जळतंय, जळतंय. तुम्ही म्हणता नाटक. आणि मी माझ्या हातानं त्या नाटकावर शिक्का मारून दिला!”

पटांगणात सगळे थांबून आमचं भांडण बघत होते. वहिनीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिच्या हिरड्या अजून काळ्या होत्या. मग पदराच्या टोकानं तिनं हिरड्या खसाखसा पुसल्या, तो काळा डाग पाहिला आणि वळून चालायला लागली.

“कुठं निघालीस?”

“तुला घर माहीत आहे का तिचं? चल.”

ती पुढं, मी मागं.

दिनकरदादांच्या घरी सोप्यात जेवणं चालली होती. भिंतीवरच्या आरशाच्या चौकटीत हिरवी चिठ्ठी खोचलेली होती, ‘ठीक’ दिसेल अशी. त्या आरशाखाली शालनताई मांडी घालून बसल्या होत्या. समोर ताट. ताटात भाकरी आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा गोळा. दिनकरदादा समोर पाटावर बसून होते.

“खा. आता कशाला अडतंय? मशीन बोललंय ना?” ते म्हणत होते.

शालनताई खात होत्या. प्रत्येक घासाला डोळ्यांतून पाणी गळत होतं. आवाज मात्र नव्हता. उजव्या गालात घास दाबून धरायचा, डोळे मिटायचे, गिळायचा.

स्पीकर त्या घरात ऐकू आला नव्हता असं नाही. सगळं गाव ऐकत होतं.

मी काही बोलायच्या आत वहिनी पुढं झाली. तिनं ताट उचललं आणि अंगणात भिरकावलं. पितळेचं जड ताट. फरशीवर आपटून ते गोल गोल फिरत राहिलं, कोंबड्या ओरडत उधळल्या.

“अगं ए!” दिनकरदादा उठून उभे राहिले. “डोस्कं फिरलं का तुझं? माझ्या घरात येऊन ताट फेकतीस?”

“हे आईचं घर हाय,” वहिनी म्हणाली. पुण्याची भाषा तिच्या तोंडून पार गळून पडली होती. “आईनं जेवत्या माणसाला कधी रडवलं न्हवतं. ऐकलास न्हवं स्पीकरवर? मशीन चुकलंय.”

“सकाळी बरोबर हुतं, दुपारी चुकलं!” ते माझ्याकडे वळले. “का ओ बाई? सकाळी खरं बोलत हुतं का आता तुमी खरं बोलताय? आमी धरायचं तरी काय?”

“सकाळी मशीन खोटं बोललं,” मी म्हणाले.

“मग ही खरं बोलती कशावरनं?”

“सहा महिने रोज तेच सांगतेय, त्यावरनं!”

मी इतकी ओरडले की शेजारची माणसं कुडावरून डोकावायला लागली. दिनकरदादा बघत राहिले माझ्याकडे, एखाद्या उर्मट पोरीकडे बघावं तसे.

शालनताई जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, रडतील. पण त्यांनी मान वर केली तेव्हा त्या डोळ्यांत माझ्यापेक्षाही जास्त राग होता. माझा राग मला लहानपणापासून परवडत आला होता. त्यांचा सहा महिने साठून राहिला होता.

“सकाळी मी तुला इचारलं,” त्या मला म्हणाल्या. “दुखतंय कशानं म्हनून. तवा का गप बसलीस? सासरी कुनी ऐकंना. वन्सं ऐकंनात. डाक्टर ऐकंना. म्हटलं, मशीन तरी ऐकंल. ते ना नणंद, ना नवरा. ते बी ह्यांच्यातच जाऊन बसलं.”

मी आरशापाशी गेले, ती चिठ्ठी काढली आणि फाडून टाकली. ते करताना काहीतरी केल्यासारखं वाटलं, पण ते काहीच नव्हतं. काम वहिनीनं केलं. तिनं खुंटीवरचं शालनताईंचं चांगलं लुगडं काढलं, पिशवीत भरलं आणि त्यांच्या दंडाला धरून म्हणाली, “उठ, वैनी. मिरजेला जायचं.”

“हितं रात्रीचं दूध कोन काढनार?” दिनकरदादांनी विचारलं.

“तू,” वहिनी म्हणाली.

आमच्या शिबिराची जीप सरांनी द्यायला नकार दिला. आम्ही एस. टी.नं गेलो. सबंध प्रवासभर शालनताई खिडकीत बसून होत्या आणि वहिनी त्यांचा हात धरून. दोघींपैकी कुणीच कुणाची क्षमा मागितली नाही. नणंदा-भावजयांत तसली पद्धत नसते.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंना मी यंत्राबद्दल काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, “सहा महिने दुखतंय. दिसत काही नाही. पण तुकडा काढून तपासा.” त्यांनी माझ्याकडे नाही, शालनताईंकडे पाहिलं आणि विचारलं, “कुठं दुखतं नेमकं? बोट लावून दाखवा.” शालनताईंनी बोट लावलं. तिथलाच तुकडा काढला.

तुकड्यात निघालं. अगदी सुरुवात होती. आणखी काही महिने दहीभातावर काढले असते तर अर्धा जबडा गेला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गालाचा थोडा भाग काढला, महिनाभर टाके, मग तोंड उघडायचे व्यायाम. हिंगणवाडीतल्या ज्या बायका त्या दिवशी चिठ्ठ्या फेकून शाळेत परत आल्या होत्या, त्यांनाही नंतर वहिनीनंच हाकत हाकत मिरजेला नेलं. त्यांच्यातल्या एकीला उशीर झालेला होता. तिचं नाव मी इथं लिहीत नाही.

सरांनी शब्द पाळला. माझी नोकरी गेली. यंत्र पुढं दुसरीकडे, दुसऱ्या माणसांबरोबर मी पुन्हा उभं केलं, नव्या निरोगी तोंडांवरून नवा पट्टा घेऊन. आता ते बरंच खरं बोलतं. मिश्रीचा प्रश्न आम्ही पहिला ठेवलाय. वहिनीनं मिश्री सोडली. सोडली म्हणजे काय, तीन महिने डोकं धरून घरभर सगळ्यांवर खेकसत होती. आईला कारण कळेना, म्हणाली, “रेवतीचा वारा लागला हिला.”

मागच्या वर्षी शालनताईंच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं. हिंगणवाडीलाच, त्याच शाळेच्या पटांगणात. पंगत बसली होती. दिनकरदादा आता थकलेत, पण आवाज तोच. व्याह्यांच्या शेजारी बसून त्यांनी मला हाक मारली, “ही बघा, ह्याच त्या पुण्याच्या बाई. ह्यांच्या मशीननं आमच्या मंडळींचं दुखनं हुडकलं. मशीन नसतं तर आमाला कळलंच नसतं बघा!”

व्याही कौतुकानं मान हलवायला लागले. मला वाटलं, आपलं वय झालं, आता असला राग यायचा नाही. पण आला. तस्साच, तळपायापासून. मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि तोंड उघडलं.

पण त्याच्या आधीच शालनताई पंगतीतून वाढत वाढत तिथं पोचल्या होत्या. हातात ठेच्याचं पातेलं. गालावर आत ओढलेला छोटासा खळगा, बाकी मुद्रा ठणठणीत. नवऱ्याच्या पानासमोर त्या थांबल्या. पळी बुडवली आणि ठेच्याचा चांगला लिंबाएवढा गोळा त्यांच्या पानात वाढला.

“मशीननं न्हवं,” त्या म्हणाल्या. “मी सांगत हुते.”

व्याह्यांचा घास हातातच राहिला. दिनकरदादांनी पानाकडे पाहिलं, मग बायकोकडे. शालनताई पातेलं घेऊन उभ्याच होत्या.

“खावा,” त्या म्हणाल्या.

दिनकरदादांनी भाकरी मोडली आणि खायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, कान लाल झाले, तरी त्यांनी पाण्याच्या तांब्याकडे हात नेला नाही. गोळा संपेपर्यंत शालनताई तिथून हलल्या नाहीत. मग त्या पुढच्या पानाकडे गेल्या.